स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांची प्रवासांतील सोबत

आपल्या भाषेंत "साठी बुद्धी नाठी" अशी एक म्हण आहे. म्हणी पुष्कळ वेळां खऱ्या असतात. परंतु ही म्हण वृद्धांवर अन्याय करणारी आहे. साठी उलटलेले कितीतरी लोक आपल्या कामांत तरुणांस हार जात नाहींत, हें आपण रोज पाहतों; आणि ज्यांची बुद्धि खरोखरच नाठी होते, त्यांचें तसें होणें हा वयाचा धर्म नसून तो एक रोग असतो. या रोगास मराठींत स्मृतिभ्रंश असें नांव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ५ कोटी ७० लक्ष लोकांस तो जडलेला होता. आपल्या देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून ६० वर्षांच्या वरील दर शंभर माणसांत सात ते आठ, म्हणजे एकंदर सुमारें ८८ लक्ष माणसें या रोगानें ग्रस्त असावींत, असें दिसतें. तेव्हां या पानाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, आळींत अथवा रोजच्या बसमध्यें अशी एखादी व्यक्ति असणार, हें उघड आहे.

या पाठांत आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहों. अशा मनुष्यानें बस, आगगाडी इत्यादि सार्वजनिक वाहनांतून प्रवास करावा काय, आणि करावयाचा तर त्यास आपण साहाय्य कसें करावें?

१. हा रोग कोणता?

इ. स. १९०१ मध्यें जर्मनींतील फ्रँकफर्ट शहरीं डॉ. अल्झायमर यांच्याकडे ५१ वर्षांची एक बाई रोगी म्हणून आली. तिला स्वतःचें नांव पुरें लिहितां येत नव्हतें, व जो पदार्थ ती खात असे त्याचें नांवही ती चुकीचें सांगे. १९०६ मध्यें ती वारली, तेव्हां डॉक्टरांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासला. त्यांत पेशींच्या बाहेर विशिष्ट प्रकारच्या गुठळ्या व पेशींच्या आंत गुंता झालेले तंतु त्यांस आढळले. पुढें १९१० सालीं क्रेपेलिन या वैद्यकशास्त्रज्ञानें या विकारास अल्झायमरचें नांव दिलें. स्मृतिभ्रंशाच्या दर दहा रोग्यांपैकीं सहा-सात जणांच्या मुळाशीं हाच विकार असतो. कित्येकांस मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यामुळेंही स्मृतिभ्रंश होतो. उलट पक्षीं जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव, गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचा बिघाड किंवा मनाची खिन्नता यांमुळेंही विसराळूपणा येतो, व तो औषधानें सुधारूं शकतो. म्हणून "वय झालें" असें म्हणून स्वस्थ बसूं नये; प्रथम डॉक्टरांस दाखवावें.

या रोगांत स्मरण जाण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. नवें आधीं जातें, जुनें मागाहून. सकाळीं काय खाल्लें तें आठवत नाहीं, परंतु लहानपणीं ज्या विहिरीवर पाणी भरलें तिच्या पायऱ्या किती होत्या हें आठवतें. आणि स्मरण गेलें तरी मान, अपमान, भय व माया यांची जाणीव जात नाहीं. कोणी हंसला तर कां हंसला हें कदाचित् कळणार नाहीं. परंतु आपल्याला हंसला एवढें निश्चित कळतें. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

२. वाट कां चुकते?

आपल्या मेंदूंत दोन्ही बाजूंस हिप्पोकॅम्पस नांवाचा एक लहानसा भाग आहे. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा असल्यामुळें त्यास हें नांव पडलें. १९७१ सालीं लंडन येथें जॉन ओकीफ यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, या भागांतील कांहीं पेशी प्राणी एका विशिष्ट जागीं आला म्हणजेच जागृत होतात. दुसऱ्या जागीं दुसऱ्या पेशी जागृत होतात. २००५ सालीं नॉर्वेमध्यें मे-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांनीं त्याच्या लगतच्या भागांत अंतराची व दिशेची जाणीव राखणाऱ्या पेशी शोधून काढल्या. या तिघांस २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. तात्पर्य, आपल्या मेंदूंत एक नकाशा असतो व "मी येथें आहें" अशी खूणही त्यावर असते. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, लंडनच्या हजारों रस्त्यांची माहिती तोंडपाठ करणाऱ्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूंत हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षां मोठा होता.

अल्झायमरचा घाला आरंभीं याच नकाशाच्या जागेवर पडतो. म्हणून ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणें हें या रोगाच्या आरंभींच्या लक्षणांपैकीं एक असूं शकतें. शिवाय डोळे चांगले असूनही दिसलेल्या वस्तूचा अर्थ लावणें मेंदूस जड जातें. दारांतील काळें पायपुसणें खड्डा वाटतें. चकचकीत फरशी पाणी वाटते. फलाट व गाडी यांमधील फट किती रुंद आहे याचा अंदाज येत नाहीं. असा मनुष्य गाडीच्या दारांत थबकला म्हणजे मागील लोक त्यास हट्टी म्हणतात. परंतु ज्याच्या पायाखालीं खड्डा दिसत आहे त्यानें थबकूं नये तर काय करावें?

३. एका प्रवासांत कामें किती?

१ जून १९४८ रोजीं एस. टी.ची पहिली गाडी पुणें ते अहमदनगर या मार्गावर धावली. त्याच मार्गावरील एखाद्या प्रवासाचें उदाहरण घेऊं. स्थानकावर जाऊन योग्य फलाट शोधणें. गाडीवरील पाटी वाचणें. भोंवतालच्या ओरड्याकडे लक्ष न देणें. उंच पायरी चढून जागा मिळविणें. वाहकास गांवाचें नांव सांगून पैसे मोजून देणें. तिकीट जपून ठेवणें. आपणांस कोठें उतरावयाचें आहे हें वाटभर ध्यानांत ठेवणें. तें ठिकाण आलें हें ओळखणें. गर्दींतून दाराशीं येणें. आणि खालीं उतरल्यावर आपण कां आलों तें आठवणें. आपण ज्यास "बसून जाणें" असें म्हणतों त्यांत इतक्या दुव्यांची साखळी असते.

स्मृतिभ्रंशांत ही सर्व साखळी एकदम तुटत नाहीं. एकास पैशांचा हिशेब जमत नाहीं, पण वाट नीट कळते. दुसऱ्यास पाटी वाचतां येते, पण वाचलेलें पांच मिनिटांनीं राहत नाहीं. यावरून साहाय्याचा मुख्य नियम निघतो तो असा: जो दुवा तुटला असेल तेवढाच आपण जोडावा, सगळी साखळी त्यांच्या हातांतून काढून घेऊं नये. आजोबांस पैसे मोजतां येत नसतील तर आपण मोजावे, पण वाहकाच्या हातीं त्यांस देऊं द्यावे.

४. प्रवास बंद करावा काय?

एकदां वाट चुकली कीं कित्येक घरीं दारास कुलूप लागतें. ही भीति खोटी नाहीं. डिसेंबर २००७ मध्यें जपानांतील ओबू शहरीं स्मृतिभ्रंश झालेला ९१ वर्षांचा एक वृद्ध, त्याच्या ८५ वर्षांच्या पत्नीचा क्षणभर डोळा लागला असतां, घराबाहेर पडला आणि पुढें रेल्वेच्या रुळांवर जाऊन गाडीखालीं सांपडला. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीनें त्याच्या कुटुंबावर सुमारें ७२ लक्ष येन भरपाईचा दावा लावला. २०१३ सालीं खालच्या न्यायालयानें तो मान्य केला. २०१४ सालीं वरच्या न्यायालयानें एकट्या पत्नीनें निम्मी रक्कम द्यावी असें ठरविलें. आणि अखेर १ मार्च २०१६ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, ती वृद्ध पत्नी व दूर राहणारा मुलगा यांजवर ही जबाबदारी लादतां येत नाहीं. सारें जपान हा खटला पाहत होतें, कारण त्यांत प्रत्येक घराचा प्रश्न होता. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून कोणी कोणास राखूं शकत नाहीं. म्हणजे घरच्या माणसांचें लक्ष जेथें संपतें तेथें शेजारी, वाहक, स्थानकावरील नोकर व सहप्रवासी यांचें लक्ष सुरू झालें पाहिजे.

दुसऱ्या बाजूस, दार लावून घेण्याचीही किंमत द्यावी लागते. देवळांत किंवा मंदिरांत उपासनेस जाणें, बहिणीस भेटणें, बाजारांत एक फेरी मारणें यांवर वृद्ध माणसाचा दिवस उभा असतो. २०२४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनें स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या ज्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यांत समाजापासून तुटून राहणें ही एक आहे. आपल्या राज्यांत तर प्रवास सोपा व्हावा अशी योजनाही झाली आहे: २०२२ सालीं एस. टी.नें ७५ वर्षांवरील नागरिकांस विनामूल्य प्रवास सुरू केला, आणि २०२३ सालीं सर्व स्त्रियांस अर्धें तिकीट झालें. ज्या आजीस सरकारनें गाडीचें दार उघडून दिलें, तिला घराचें दार आपण बंद करावें हें बरें नव्हे.

म्हणून आम्हांस तीन पायऱ्या सुचवाव्याशा वाटतात. आरंभींच्या अवस्थेंत ओळखीच्या मार्गावर, दिवसाउजेडीं, एकट्यानें प्रवास करूं द्यावा. ओळखीच्या वाटेवर एकदांही चुकले, किंवा कोठें जावयाचें हें वाटेंत विसरले, म्हणजे सोबत अवश्य समजावी. आणि सोबत असूनही गर्दींत भय वाटून ते व्याकुळ होऊं लागले, तर गर्दीचीं वाहनें सोडून जवळची व शांत फेरी ठेवावी. पायरी कोणती हें दर कांहीं महिन्यांनीं पुन्हां पाहावें, व तें त्यांच्याशीं बोलून ठरवावें.

५. घरची तयारी

मार्ग व वेळ शक्य तों एकच ठेवावी, कारण संवयीची वाट स्मरण गेल्यावरही पायांत राहते. सकाळ-सायंकाळची गर्दी टाळावी. पुष्कळ रोग्यांची अस्वस्थता दिवस मावळतां वाढते. म्हणून परतीचा प्रवास उजेडीं व्हावा. निघण्यापूर्वीं शौचास जाऊन यावें. पाणी, चष्मा व कानाचें यंत्र बरोबर घ्यावें.

सदऱ्याच्या खिशांत किंवा पदरास अडकविलेल्या पिशवींत एक पत्र्याची किंवा जाड कागदाची चिठ्ठी असावी. तींत नांव, घरच्या दोन माणसांचे दूरध्वनि क्रमांक, कोठें जावयाचें तें ठिकाण, व "मला विसर पडतो, कृपा करून थोडा वेळ द्या" एवढें वाक्य मोठ्या अक्षरांत लिहावें. निघतांना त्या दिवसाच्या कपड्यांतील एक छायाचित्र आपल्या भ्रमणध्वनींत काढून ठेवावें. ताटातूट झाली तर "आजोबांनीं काय घातलें होतें?" या प्रश्नास घाबरलेल्या माणसास उत्तर सुचत नाहीं, छायाचित्र तें उत्तर देतें.

चढतांना सोबत्यानें मागें असावें, व उतरतांना आधीं उतरून पुढें उभें राहावें. दंड धरून ओढूं नये. आपला हात पुढें करावा व त्यांस तो धरूं द्यावा. बसमध्यें वाहकाच्या जवळची जागा घ्यावी व त्याच्या कानावर हळूच गोष्ट घालावी. मुंबईच्या लोकल गाड्या स्थानकांत थोडेच क्षण थांबतात. तेथें एकदम चढावें, नाहीं तर ती गाडी सोडून द्यावी. तरीही चुकून वृद्ध फलाटावर व आपण गाडींत, किंवा याच्या उलट झालें, तर "तेथेंच थांबा" असें ओरडून उपयोग नसतो, कारण तें वाक्य त्यांच्याजवळ टिकत नाहीं. लगेच रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर कळवावें, पुढच्या स्थानकीं उतरून स्टेशन मास्तरांस किंवा रेल्वे पोलिसांस छायाचित्र दाखवावें, व मागें फिरावें.

६. वाटेंत भेटलेला अनोळखी वृद्ध

विद्यार्थीमित्रहो, हा भाग विशेषेंकरून तुमच्यासाठीं आहे. शाळेस जातां-येतां तुम्ही एकाच थांब्यावर रोज उभे राहतां. म्हणून तेथें काय नेहमींचें व काय वेगळें हें मोठ्यांपेक्षां तुम्हांस अधिक कळतें. एखादें वृद्ध माणूस एकामागून एक गाड्या सोडून देत आहे, तोच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारीत आहे, दोन पायांत दोन प्रकारच्या वहाणा आहेत, भर उन्हांत लोकरीचा कोट आहे, अशा खुणा दिसल्या म्हणजे जवळ जाऊन विचारपूस करावी. मात्र कोणी 'बोरीबंदर' म्हणालें म्हणजे लगेच रोग समजूं नये. जुनीं नांवें जुन्या माणसांच्या जिभेवर असतातच. परंतु "दादरची ट्राम कोठें मिळेल?" असें मुंबईंत कोणी मनापासून विचारलें, तर लक्षांत घ्यावें कीं, तेथील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं धावली. अशा वेळीं हंसूं नये, व इतिहासही शिकवूं नये. "दादरला कोणाकडे जायचं, आजोबा?" असें विचारावें. ट्राम नसली तरी दादर आहे, व तेथें त्यांचें कोणीतरी असेल.

समोरून जावें, मागून खांद्यावर हात टाकूं नये. एका वेळीं एकच लहान प्रश्न विचारावा व उत्तरास अवकाश द्यावा. असें एक संभाषण कल्पूं:

"आजी, इथं सावलींत बसतां का? मीही बसचीच वाट पाहतेंय."

"मला घरीं जायचंय गं. आई वाट पाहत असेल."

"हो का? आई फार माया करायच्या वाटतं. आणि घराजवळ काय काय आहे, आजी?"

"चिंचेचं झाड आहे. पिठाची गिरणी आहे. सून बँकेंत जाते."

"तुमच्या पिशवींत सुनेचा नंबर आहे का? बघतां का जरा?"

येथें मुलीनें "तुमची आई आतां कशी असेल!" असें म्हटलें असतें, तर आजीस आईच्या मृत्यूची बातमी त्या थांब्यावर नव्यानें ऐकावी लागली असती. तिनें तसें केलें नाहीं, आणि खोटेंही सांगितलें नाहीं. शिवाय पिशवी स्वतः न उघडतां आजीलाच उघडावयास सांगितली.

चिठ्ठी किंवा क्रमांक न मिळाल्यास एस. टी. स्थानकावर वाहतूक नियंत्रकास, रेल्वेंत स्टेशन मास्तरांस सांगावें. ११२ हा पोलिसांच्या तांतडीच्या मदतीचा क्रमांक आहे. १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांसाठीं २०२१ सालीं देशभर सुरू झालेला क्रमांक आहे. त्यांच्या ताब्यांत देईपर्यंत त्या माणसाजवळ थांबावें. पण एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी: मुलामुलींनीं अनोळखी माणसाबरोबर एकट्यानें गाडींत बसूं नये व त्यांच्या घरीं जाऊं नये. थांबावें, मोठ्या माणसास हांक मारावी, व सर्वांच्या समोर मदत करावी.

७. इतर देशांतील कांहीं उपाय

जपानमध्यें या रोगाचें जुनें नांव 'मूढपणा' अशा अर्थाचें होतें. २००४ सालीं तें अवमानकारक म्हणून बदलण्यांत आलें. २००५ पासून तेथें सामान्य नागरिकांस सुमारें दीड तासाचा पाठ देऊन स्मृतिभ्रंशाचे 'साहाय्यक' बनविण्यांत येऊं लागलें, व अशा साहाय्यकांची संख्या एक कोटीच्या वर गेली. त्यांत दुकानदार आहेत, बँकेंतील नोकर आहेत, व शाळेंतील मुलेंही आहेत. आपल्याकडील 'म्हातारचळ' हा शब्द आपणही तोंडांतून काढून टाकावा असें आम्हांस वाटतें. इंग्लंडांत गॅटविक विमानतळावर २०१६ सालीं सूर्यफुलें छापलेली हिरवी फीत निघाली. ती गळ्यांत असली म्हणजे बाहेरून न दिसणारी अडचण या प्रवाशास आहे, हें नोकरांस न विचारतां कळतें.

जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहरीं एका वृद्धाश्रमानें दारापुढें एक खोटा बसथांबा उभारला, अशी हकीकत २००८ सालीं वर्तमानपत्रांत आली. तेथें बस कधींच येत नाहीं. "मला घरीं जायचें आहे" म्हणून निघालेला रोगी त्या बाकावर बसतो. थोड्या वेळानें निघण्याचें कारण विसरतो. मग परिचारिका त्यास चहाला आंत नेते. रस्त्यांत हरवण्यापेक्षां हें बरें, असें कोणी म्हणतात; ही फसवणूक आहे, असें दुसरे म्हणतात. आमचें मत असें कीं, त्या थांब्यांतील चांगली गोष्ट पाटी नव्हे, तर बाक होय. जावयाची घाई असलेल्या माणसास कोणी अडविलें नाहीं. त्यास बसावयास जागा दिली व कोणी जवळ येऊन बसलें. तेवढें करण्यास खोटी पाटी लागत नाहीं. "घरची फार आठवण येते ना?" हें वाक्य खरेंही आहे व मऊही आहे.

समारोप

पिकल्या केसांच्या माणसापुढें उठून उभें राहावें, अशी आज्ञा पवित्र शास्त्रांत लेवीय पुस्तकांत आहे. बसमध्यें जागा देतांना आपण ती अक्षरशः पाळतों. परंतु ज्यास उतरावयाचें ठिकाण आठवत नाहीं त्यास केवळ जागा देऊन भागत नाहीं. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यांत त्या वाटसरूनें काय काय केलें तें पाहा. तो थांबला, जवळ गेला, जखमा बांधल्या, सुरक्षित ठिकाणीं नेलें, व अधिक खर्च झाल्यास परत येतांना तो भरून देण्याचें वचन दिलें. त्याच वाटेनें आधीं गेलेले दोघे दुष्ट होते असें शास्त्र म्हणत नाहीं. ते दुसऱ्या बाजूनें निघून गेले, एवढेंच सांगतें.

अभ्यास

(१) तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या प्रवासांतील सर्व कामें क्रमानें लिहा. त्यांपैकीं कोणतीं स्मरणावर अवलंबून आहेत तीं वेगळीं काढा.

(२) घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीसाठीं, तिला विचारून, खिशांतील चिठ्ठी तयार करा. अक्षर चष्म्याशिवाय वाचतां येतें काय तें पाहा.

(३) १३९, ११२ व १४५६७ हे क्रमांक कोणत्या प्रसंगीं लावावयाचे तें आईबापांस समजावून सांगा.

(४) आजी-आजोबांस त्यांच्या लहानपणींच्या एका प्रवासाची हकीकत विचारा व ती लिहून ठेवा. त्यांनीं ती पूर्वीं सांगितलेली असली तरी मध्यें थांबवूं नका.